पाच तारांचे बेस: हातात घेऊन तुलना कशी करावी

पाच तारांचा बेस (बेस गिटार) निवडताना लक्ष आधी आवाजाकडे जातं, मग लाकडाकडे, मग वरच्या टोकाला, हेडस्टॉकवर, लिहिलेल्या नावाकडे. हाताला तो कसा लागतो हे शेवटी पाहिलं जातं आणि त्याचं उत्तर ‘मस्त वाटतो’ किंवा ‘जमत नाही’ एवढ्यावर आटोपतं. खरं तर क्रम उलटा हवा. आवाज नंतर बराच फिरवता येतो: तारा, पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग), प्रीअ‍ॅम्प (बेसमधलंच आवाज घडवणारं सर्किट), सगळं बदलता येतं. नेकची (तारा जिथे बोटांनी दाबतात त्या लांब दांड्याची) रुंदी, तारांमधलं अंतर आणि बॉडीचा तोल मात्र जवळपास घेतला तसाच राहतो.

अडचण अशी की हाताला जे जाणवतं त्यातलं निम्मं लाकडाचं असतं आणि निम्मं सेटअपचं, म्हणजे जुळवणीचं. उंच अ‍ॅक्शन असलेला, म्हणजे तारा नेकपासून उंच असलेला, उत्तम बेस अवघड वाटतो आणि नीट लावलेला सुमार बेस लोण्यासारखा वाजतो. तुलना करायची म्हणजे ही दोन निम्मी वेगळी काढायची. पुढचे सगळे टप्पे त्याच कामासाठी आहेत.

आधी आपलाच बेस मोजा

तुम्ही सध्या जो वाजवता, मग तो चार तारांचा का असेना, तो मोजून कागदावर लिहा. नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारांच्या खाचांची पट्टी असते तिथे) नेकची रुंदी, ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) दोन शेजारच्या तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतच्या (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतराची दुप्पट म्हणजे स्केल, अर्थात तारेची वाजणारी लांबी, आणि वजन. वजनाला घरचा साधा काटा पुरे: बेस घेऊन उभं राहा, मग बेसशिवाय, आणि वजाबाकी करा. हे आकडे नसले की ‘याचा नेक जाड आहे’ या वाक्याला अर्थ उरत नाही. कशापेक्षा जाड?

सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच: मिलिमीटरची पट्टी (व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम), मोबाइलवरचा ट्यूनर, एक कॅपो (तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), आणि स्वतःचा स्ट्रॅप नेहमीच्या लांबीला लावलेला. स्ट्रॅप विसरू नका. दुकानातल्या अरुंद, घसरत्या पट्ट्यावर कुठलाच बेस नीट तोलत नाही आणि दोष बिचाऱ्या बेसला लागतो.

सगळ्यांना एका पातळीवर आणा

बेस हातात आला की लगेच वाजवू नका. आधी सुरात लावा, बी तारेपासून (जाड ते बारीक तारा: बी, ई, ए, डी, जी). मग तारा पाहा: नव्या आहेत की काळवंडलेल्या, राउंडवाउंड (खरखरीत वेढ्यांच्या) की फ्लॅटवाउंड (गुळगुळीत), आणि बी तार किती जाडीची. पाच तारांच्या संचात बी साधारण १२५, १३० किंवा १३५ जाडीची असते (इंचाच्या हजाराव्या भागात). एका बेसवर १२५ आणि दुसऱ्यावर १३५ असेल तर तुम्ही बेसची नव्हे, तारांची तुलना करत आहात. का, ते बी तारेच्या टप्प्यात सांगतो.

पुढे नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. ०.३ मिमीच्या आसपास, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी असेल तर ठीक. मग कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. आधुनिक, सपाटसर फिंगरबोर्डवर जाड तारांच्या बाजूला साधारण २.४ मिमी आणि जी तारेला २ मिमी ही सुरुवातीची चांगली मापं. बी तारेला थोडी जास्त उंची द्यावी लागते, कारण तिचा झोका मोठा असतो.

विक्रेता किंवा मालक तयार असेल तर अ‍ॅक्शन तिथेच जुळवून घ्या. ट्रस रॉडला (नेकचा बाक बदलणाऱ्या आतल्या सळईला) मात्र परवानगीशिवाय हात लावू नका. जुळवता आलं नाही तर निदान लिहून ठेवा: ‘अ नंबरचा बेस अर्धा मिमी उंच होता.’ घरी आल्यावर हे वाक्य फार उपयोगी पडतं. जुना बेस असेल तर ब्रिजवरची सॅडल (तारा टेकतात ते छोटे तुकडे) आधीच तळाला टेकली आहेत का तेही पाहा. तशी असतील आणि अ‍ॅक्शन तरीही उंच असेल, तर सेटअपने ते सुटणार नाही.

तार न छेडता: तोल आणि वजन

स्ट्रॅप लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. नेक हळूहळू जमिनीकडे झुकला तर त्याला नेक डाइव्ह म्हणतात. पाच तारांच्या बेसमध्ये हा दोष जास्त दिसतो, कारण हेडस्टॉकवर एक ट्यूनर जास्त असतो आणि नेकही रुंद असतो. डावा हात नेक उचलून धरण्यात गुंतला की बोटं मोकळी राहत नाहीत. दहा मिनिटांत हे कळत नाही, दोन तासांच्या सरावात मनगटाला कळतं.

नुसत्या नजरेनेही अंदाज येतो. बॉडीच्या वरच्या शिंगाचं टोक, म्हणजे स्ट्रॅपचं बटण, बाराव्या फ्रेटच्या आसपास पोहोचत असेल तर तोल बहुधा चांगला. ते खूप मागे असेल तर दोन गोष्टी एकदम होतात: नेक झुकतो आणि अख्खा बेस डावीकडे सरकतो, म्हणजे पहिला फ्रेट लांब जातो. वॉर्विक कंपनीचा ‘थंब’ नावाचा बेस हा याचा ठळक नमुना. बॉडी छोटी, सुबक, पण वरचं शिंग आखूड, त्यामुळे नट शरीरापासून दूर. स्केल ३४ इंचच असूनही हात जास्त लांबवावा लागतो. म्हणून स्केलच्या आकड्यावरून पोहोच ठरवू नका. नाक समोर ठेवून उभे राहा, पहिल्या फ्रेटवर बोट ठेवा आणि कोपर किती उघडतं ते पाहा.

हेडस्टॉक नसलेल्या बेसमध्ये तोलाचा प्रश्न जवळपास मिटतो, कारण ट्यूनर ब्रिजकडे गेलेले असतात. वजनाबद्दल माझं मत असं की चार किलोच्या आसपासचा पाच तारी बेस सुखाचा, आणि पाच किलोच्या वर गेलात तर त्यासाठी फार चांगलं कारण हवं. पण नीट तोललेला साडेचार किलोचा बेस झुकणाऱ्या पावणेचार किलोच्या बेसपेक्षा हलका वाटतो, हे दोन्ही पाठोपाठ गळ्यात घालून पाहिल्याशिवाय पटत नाही.

डावा हात: नेकची रुंदी आणि पाठ

नेकची जाडी आणि रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बोलताना त्यांची सरमिसळ होते. आयबानेझच्या एसआर मालिकेतले पाच तारी नेक पातळ आणि नटपाशी ४५ मिमीच्या आसपास असतात. फेंडरच्या जॅझ बेसच्या पद्धतीचे काही पाच तारी बेस नटपाशी ४७ मिमीच्या पुढे जातात. आकड्यात फरक दोन-तीन मिमीचा, हाताला मात्र लगेच कळतो. गंमत अशी की फार पातळ नेक सगळ्यांनाच सोपा जात नाही. हाताचा पंजा मोठा असेल किंवा अंगठ्याने दाबून वाजवायची सवय असेल तर पातळ रुंद नेकवर अंगठ्याचा सांधा लवकर दुखतो. पाठीला थोडा भराव असलेला नेक त्याला आधार देतो.

तपासायची सोपी रीत: बी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून डी मेजर वाजवा. बी तारेवर ३ आणि ५, ई तारेवर २, ३, ५, ए तारेवर २, ४, ५. चढताना नव्हे, उतरताना लक्ष द्या. ए वरून परत बी कडे येताना अंगठा नेकच्या पाठीमागे खाली सरकतो का, मनगट किती वाकतं, आणि करंगळी बी तारेवर पोहोचल्यावर बाकीच्या तारांना नकळत लागते का? मग हेच बाराव्या फ्रेटच्या वर करा. तिथे नेक सर्वांत रुंद असतो आणि बी तारेपर्यंत जायला तळवा फिंगरबोर्डच्या पुढे आणावा लागतो. खालच्या पोझिशनमध्ये आवडलेले कित्येक बेस इथे बाद होतात.

फिंगरबोर्डचा गोलावा आणि नेकचं फिनिश लवकर उरकता येतं. ९.५ इंच त्रिज्येचा बोर्ड १२ इंचाच्या मानाने जास्त गोल. खालच्या अ‍ॅक्शनला सपाट बोर्ड सोयीचा. चकचकीत लॅकरवर घामट हात चिकटतो, सॅटिन किंवा तेल दिलेल्या नेकवर सरकतो. लॅकर नंतर बारीक घासून सॅटिन करता येतं, तेव्हा यासाठी बेस नाकारू नका. फ्रेटची टोकं मात्र नेकच्या कडेने हात फिरवून पाहाच; ती टोचत असतील तर घासून घ्यावी लागतील.

उजवा हात: तारांमधलं अंतर

माझ्या मते पाच तारांच्या बेसचा स्वभाव सर्वांत जास्त इथे ठरतो, आणि जाहिरातीत हाच आकडा बऱ्याचदा सापडत नाही. ब्रिजपाशी आयबानेझ एसआर आणि वॉर्विक कॉर्व्हेटच्या नेहमीच्या पाच तारी बेसमध्ये हे अंतर १६.५ मिमी असतं. म्युझिक मॅनच्या स्टिंगरे ५ मध्ये सुमारे १७.५, डिंगवॉल कंपनीच्या बेसमध्ये १८, आणि चार तारांच्या फेंडरसारखं वाटावं म्हणून बनवलेल्या रुंद बेसमध्ये १९. चार फटींचा हिशोब केला तर बी ते जी एकूण पसारा ६६ मिमीपासून ७६ मिमीपर्यंत जातो. पूर्ण एक सेंटीमीटर.

अरुंद अंतराचा फायदा म्हणजे बोटांचा प्रवास कमी. तीन बोटांनी वेगाने वाजवणाऱ्यांना आणि एका तारेवरून तिसऱ्यावर उडी मारणाऱ्यांना ते आवडतं. तोटा स्लॅपमध्ये (अंगठ्याने तारेवर ठोके देऊन वाजवण्यात): अंगठा ई तारेवर मारताना बी किंवा ए लागते, आणि पॉप करायला (तार ओढून सोडायला) बोट डी व जी यांच्यामध्ये शिरताना अडतं. रुंद अंतरावर याच्या बरोबर उलट. चार तारांवर बरीच वर्षं काढलेल्या माणसाला १९ मिमीवर ओळखीचं वाटतं, पण त्याची किंमत रुंद नेकच्या रूपाने डावा हात मोजतो.

अजून एक बारकावा. तारांच्या मध्यांमधलं अंतर सारखं ठेवलं तर जाड बी आणि ई यांच्यातली मोकळी फट डी आणि जी यांच्यातल्या फटीपेक्षा कमी उरते. म्हणून काही उत्पादक मध्यांऐवजी फटी सारख्या ठेवतात. पट्टी लावताना दोन्ही पाहा; हाताला जाणवते ती फट.

आता वाजवून पाहा. बी आणि डी यांच्यात आलटून-पालटून दोन बोटांनी सावकाश वाजवा, मधल्या तारा गप्प राहतात का ते ऐका. मग बी तार मोकळी सोडून ई आणि ए तारांवर जोरात वाजवा. बी आपोआप गुणगुणेल. पाच तारांवर नव्याने येणाऱ्यांचा खरा झगडा हाच असतो: न वाजवलेली बी गप्प ठेवणं. वरच्या तारांवर वाजवताना अंगठा बी वर टेकवून ठेवायचा, किंवा तरंगता अंगठा वापरून तो हाताबरोबर तारांवरून खाली सरकवत न्यायचा. म्हणून अंगठा कुठे टेकतो ते प्रत्येक बेसवर बघा. रुंद सोपबार (साबणाच्या वडीसारख्या) पिकअपच्या कडेवर तो निवांत बसतो. स्टिंगरेसारख्या एकाच मोठ्या पिकअपवर जागा ठरलेली असते, आणि तुम्हाला नेकच्या जवळ वाजवायचं असेल तर अंगठ्याला टेकायला काही राहत नाही.

बी तार: सर्वांत मोठा गैरसमज

बी तारेचा मूळ स्वर सुमारे ३१ हर्ट्झ, ई चा ४१. इतका खालचा स्वर तेवढ्याच लांबीच्या तारेवर काढायचा म्हणजे तार ढिली तरी हवी किंवा जाड तरी. फेंडरने १९६५ मध्ये काढलेल्या पाच तारी बेसने हा प्रश्न टाळलाच होता: पाचवी तार खाली नव्हे, वर, सी ची होती, आणि फ्रेट फक्त १५. खालची बी रूढ झाल्यावर ‘चांगल्या बी साठी ३५ इंच स्केल हवंच’ हे वाक्यही रूढ झालं.

हिशोब करून पाहू. स्वर आणि तार तीच ठेवली तर ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३४ वरून ३५ इंचाला तो जेमतेम ६ टक्के वाढतो. उलट स्केल ३४ च ठेवून १२५ ऐवजी १३० ची तार लावली तर वजन साधारण ८ टक्क्यांनी वाढतं आणि ताणही तेवढाच. म्हणजे बोटाखालच्या घट्टपणासाठी एक इंच लांब नेकपेक्षा तारेचा नवा संच जास्त काम करतो, आणि कितीतरी स्वस्तात.

मग लांब स्केलचा उपयोग नाही का? आहे, पण तो आवाजात. तार जितकी जाड आणि आखूड, तितकी ती सळईसारखी कडक वागते, तिचे वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत उमटणारे उपस्वर) मूळ सुरापासून सरकतात आणि स्वर मंद, गढूळ येतो. लांब स्केलवर बारीक तारेने तोच ताण मिळतो आणि स्वर स्वच्छ राहतो. डिंगवॉलचे पंख्यासारखे पसरलेले फ्रेट याच कारणासाठी: त्यांच्या बऱ्याच बेसवर जी तार ३४ इंचांची आणि बी ३७ इंचांची. ३४ इंचांच्या मानाने तिथे ताण १८ टक्क्यांनी जास्त. या पद्धतीच्या फ्रेटचं पेटंट राल्फ नोव्हॅक यांनी १९८९ मध्ये घेतलं. आयबानेझच्या बिनहेडच्या ईएचबी मालिकेतल्या मल्टीस्केल बेसवर हाच पसारा ३३ ते ३५ इंच असा सौम्य आहे. तिरक्या फ्रेटला डोळा घाबरतो, हात नाही. वाजवताना खाली न बघता पाहा.

लांबीची किंमत डाव्या हाताला द्यावी लागते. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर ३४ इंचांवर सुमारे १३० मिमी, ३५ वर १३३ ते १३४, आणि ३७ इंचांच्या बी तारेवर १४१. एक इंचाचा फरक बहुतेकांना आठवड्याभरात जाणवेनासा होतो. तीन इंचांचा जाणवतो, पण फक्त बी च्या खालच्या फ्रेटवर.

तार बॉडीतून आरपार ओवली की ताण वाढतो, असंही ऐकायला मिळेल. वाढत नाही. स्वर, जाडी आणि स्केल ठरले की ताण ठरला. नट आणि सॅडल यांच्यापलीकडे तार किती लांब आहे यावर तार ओढताना किंचित लवचिक वाटणं अवलंबून असतं, एवढंच. नेकचा ताठपणा, नटची नीट कापलेली खाच आणि सॅडलवर तारेचा घट्ट बसलेला कोन यांनी बी मध्ये जो फरक पडतो तो याहून मोठा. ३४ इंचांचे कितीतरी बेस ठणठणीत बी देतात ते यामुळेच.

बी पारखताना अ‍ॅम्प बंद ठेवा. बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि मोकळी ई तार पाठोपाठ वाजवा. मग बी चा सहावा फ्रेट आणि ई चा पहिला. स्वर एकच, तार वेगळी. दोन्हींमध्ये एकाच वाद्याचा आवाज आहे असं वाटलं पाहिजे. बी वर तो अचानक बोळा कोंबल्यासारखा झाला तर आधी तार जुनी आहे का बघा. नंतर ट्यूनर लावून मोकळी बी हळू छेडा आणि मग जोरात. जोरात छेडल्यावर सुई सुरुवातीला वर उडून हळूहळू खाली येते. ज्या बेसवर ती कमी उडते त्यावर जोरदार वाजवणारा हात सुखी राहील. आणि बॉडीला तळहात लावून बघा, कुठल्या स्वरावर बेस थरथरतो आणि कुठल्यावर मुका होतो. जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास बोल्ट-ऑन (स्क्रूने जोडलेल्या) नेकवर असे मुके स्वर बरेचदा सापडतात.

आता अ‍ॅम्प लावा

सगळे टोन नॉब मध्यावर, अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प असलेला) बेस असेल तर बूस्ट शून्यावर. आवाजाची पातळी दोन्ही बेससाठी सारखी करा. जो थोडा मोठ्याने वाजतो तो कानाला नेहमी चांगला वाटतो. छोट्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पमधून ३१ हर्ट्झ प्रत्यक्षात बाहेर पडतच नाहीत. कान वरच्या हार्मोनिक्सवरून मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. तेव्हा अशा अ‍ॅम्पवर बी ‘पोकळ’ वाटली म्हणून बेसला नावं ठेवू नका, आणि मोठ्या कॅबिनेटवर पोट हललं म्हणून खूशही होऊ नका. पाचही तारांची पातळी सारखी येते का, एवढंच इथे पाहायचं. एखादी तार दबत असेल तर पिकअपची उंची बदलून ते बहुतेक वेळा सुटतं.

फेरी उलटी करा

दोन-तीन बेस उरले की प्रत्येकावर एकच ओळखीची गत वीसेक मिनिटं वाजवा, अर्धा वेळ बसून, अर्धा उभं राहून. बसल्यावर तोल वेगळा लागतो आणि नेकचा कोनही बदलतो. मग थोडं थांबा आणि उलट्या क्रमाने पुन्हा वाजवा. दमलेल्या हाताला शेवटचा बेस अवघड वाटतो आणि सरावलेल्या हाताला सोपा, त्यामुळे एकाच फेरीवर निकाल देऊ नये.

लिहिताना दोन रकाने करा. एकात सेटअपच्या गोष्टी: अ‍ॅक्शन, बाक, तारा, नटच्या उंच खाचा, पिकअपची उंची. जड ट्यूनर काढून हलके बसवता येतात, स्ट्रॅपचं बटण थोडं हलवता येतं, तेही यातच. दुसऱ्यात न बदलणाऱ्या: तारांमधलं अंतर (काही ब्रिजवर ते दोन-चार मिमी हलतं, पण नेकची रुंदी त्याला आवर घालते), नेकचा आकार, स्केल, वरच्या फ्रेटपर्यंतची वाट, वजन. पहिल्या रकान्यातल्या कितीही तक्रारी असल्या तरी बेस नाकारू नका, फक्त किमतीत सेटअपचा खर्च धरा. दुसऱ्या रकान्यातली एखादी गोष्ट दोन्ही फेऱ्यांत खटकली तर तो बेस बाजूला ठेवा, मग आवाज कितीही गोड असो. आणि दोघांमध्ये काहीच फरक उरला नाही, तर ज्यावर बी तार नकळत कमी बडबडली तो घ्या.